चंदनाखालचं यंत्र

तुळजाराम अण्णांच्या पट्टरैत कुणी पहिल्यांदा आलं, की आत शिरताच हात जोडायचं. पट्टरै म्हणजे लोहाराचा कारखाना. तिथं भाता, ऐरण, सांडशा आणि भिंतीला टांगलेली कुलपं; हात जोडण्यासारखं काय असणार, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण कोपऱ्यात सागाच्या खांबाला टेकून पुरुषभर उंचीचं काहीतरी उभं होतं, गंधानं पिवळं आणि कुंकवानं लाल झालेलं. गळ्यात सुकलेला हार, पायाशी पणती. येणाऱ्याला वाटायचं, वीरभद्र असेल, नाहीतर ह्या मराठे लोकांनी पूर्वी कधीतरी वरून, उत्तरेतून, आणलेला एखादा खंडोबा.

"अहो, हात कसले जोडता? ते लोखंडाला भोकं पाडायचं गिरमिटाचं यंत्र आहे!" अण्णा हसून सांगायचे, आणि सांगून झालं की स्वतःही एकदा हात जोडायचे.

त्यांचं घर आणि आमचं घर ह्यांत एक भिंत आणि एक विहीर. विहीर दोघांची. लग्न होऊन मी राजवाड्यामागच्या ह्या गल्लीत आले तेव्हापासून त्यांच्या घणाच्या ठोक्यावर माझी सकाळची पूजा चालली आहे. अण्णांचे आजे राजाच्या शिलेखान्यात तलवारींना पाणी द्यायचे. राज्य खालसा झालं, तलवारी गेल्या, तेव्हा आज्यांनी कुलपं, कड्या आणि बिजागऱ्या करायला घेतल्या. "लढाया बंद झाल्या वत्सला, पण चोर काही बंद झाले नाहीत," असं अण्णा म्हणायचे. गल्लीतली कुठलीही किल्ली हरवलेली पेटी ते उघडून देत. मात्र मालकानं आधी आत काय काय आहे ते बोलून दाखवायचं. सांगता आलं नाही तर पेटी तशीच परत. एकदा एका बड्या घरची सूनबाई रडली तरी त्यांनी उघडली नाही. "सासूला घेऊन या," म्हणाले.

यंत्र आणलं त्यांच्या वडिलांनी. नागपट्टणला रेल्वेनं जुना माल विकायला काढला, तेव्हा बैलगाडीत घालून आणलं. मोठं चाक हातानं फिरवायचं, त्यानं दातेरी चाकं फिरायची, आणि उभा दांडा गिरमिटासकट गरगरत खाली उतरायचा. वडील होते तोवर ते चाललं. ते गेले आणि वर्षा-दीडवर्षात चाक जड होत होत एक दिवस जागच्या जागी थांबलं. मालकामागं यंत्रानंही प्राण सोडला, असं सगळे म्हणाले. अण्णांच्या आईनं तिथं पणती लावली. दर खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर त्यालाही गंध आधीपासूनच लागायचं; पुढं ते कुणी पुसेना आणि लेपावर लेप बसू लागला. आई गेल्यावर ते काम अण्णांच्या बायकोकडं, राजलक्ष्मी वहिनींकडं आलं. भोकं पाडायला अण्णा पुन्हा जुन्या सामत्याकडं वळले. सामता म्हणजे हातानं भोक पाडायचं साधन; छातीनं दाबून धरायचा आणि उजव्या हातानं दोरीची कमान पुढंमागं ओढून फिरवायचा.

त्या वर्षी वैशाखात एका वाड्याचं फाटक बसवताना शिडी सरकली आणि अण्णा उजव्या खांद्यावर पडले. हाडवैद्यानं खांदा बसवला, पण हात छातीच्या वर जाईना आणि त्यात जोर राहीना. घण डाव्या हातानं कसाबसा पडायचा. सामता मात्र ओढता येईना. आणि भोकाशिवाय ना कुलूप होतं ना बिजागरी.

नेमकं तेव्हाच एक मोठं काम अंगावर होतं. तिरुवैयारूला कावेरीच्या काठी यात्रेकरूंना उतरायला एक जुनं छत्र आहे. त्याची थोरली दारं नवी होत होती. त्यांच्या लोखंडी पट्ट्या आणि बिजागऱ्या अण्णांकडं, आणि प्रत्येक पट्टीला भोकंच भोकं. छत्राचे कारभारी वैद्यनाथ अय्यर चौकशीला आले, तिण्णैवर म्हणजे बाहेरच्या ओट्यावर बसले आणि काप्पी, म्हणजे कॉफी, प्यायच्या आधीच बोलले.

"राव, खरं सांगा, होणार आहे का? आडी पेरुक्कूला नदी पुजायला सगळा मुलूख लोटतो. बायकामुलं माझ्याकडं उतरतात. बिनदाराच्या छत्रात झोपवू त्यांना? कुंभकोणच्या दुकानात तयार बिजागऱ्या मिळतात आता, विलायतेच्या."

"लावा की," अण्णा म्हणाले. "दार पडलं की मला हाक मारा."

"हात पडलाय, पण तोंड अजून उभं आहे तुमचं!"

अय्यर हसले, पण उठताना स्पष्ट सांगून गेले, आडी महिना, म्हणजे आपला आषाढ, लागेपर्यंत थांबेन, मग दुकान. आणि हे काम दुकानात गेलं की पुढची सगळी तिकडंच जाणार, हे अण्णांना कळत होतं. मदुरैहून लेकीचा, मंगलाचा, निरोप आलेलाच होता: आता पुरे झालं, पट्टरै बंद करा, दोघं इकडं राहायला या. जावई कृष्णाजी भला माणूस, कापडाच्या दुकानात कारकून. पण अण्णा विहिरीवर पाणी ओढणाऱ्या मला म्हणाले, "जावयाच्या तिण्णैवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'किती वाजले' विचारत राहायचं का गं मी? त्यापेक्षा खांद्याऐवजी डोक्यावर पडलो असतो तर बरं होतं."

"असं बोलू नये अण्णा," म्हटलं मी. दुसरं काय बोलणार?

मग एके सकाळी ते कोपऱ्यातल्या यंत्रासमोर पाट टाकून बसले. वहिनी पणतीत तेल घालायला आल्या.

"अगो, ह्याला चाक आहे," अण्णा म्हणाले. "चाक डाव्या हातानंही फिरतं."

"त्याला हात लावायचा नाही." वहिनींचा आवाज भिंतीपलीकडं मला ऐकू आला. "तुमच्या वडिलांचा जीव आहे त्यात. इतक्या वर्षांची पूजा आहे. खरवडून काढणार ती?"

"तुझ्या बाळकृष्णाला तू रोज न्हाऊ घालतेस. ह्याला बापजन्मी अंघोळ नाही!"

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. म्हणजे एकमेकांशी बंद, माझ्यामार्फत चालू. "अक्का, त्यांना सांगा पान वाढलंय." "वत्सला, तिला सांग मला भूक नाही." "अक्का, त्यांना सांगा वांग्याची रसवांगी आहे." "वत्सला, तिला सांग थोडी भूक आहे." भिंत मधे म्हणून बरं, नाहीतर मला हसू लपवायला जागा नव्हती.

एकदा मी देवपूजेला बसले असता वहिनी येऊन दारापाशी टेकल्या. मी देवांवरची कालची तुळस आणि फुलं उतरवून परडीत टाकत होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"अक्का, हे काढताना तुमचा हात कधी अडखळत नाही?"

"कालचं काढलं नाही तर आजचं कुठं वाहू, वहिनी?"

त्या उठून गेल्या. थोड्या वेळानं पट्टरैतून त्यांचाच आवाज आला, "व्हा बाजूला. पहिला हात माझा. आणि निघेल ते केरात जायचं नाही, ह्या परातीत पडायचं. कावेरीत सोडीन मी."

"बरं," अण्णा म्हणाले. एवढ्या गरीब आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

मीही गेले बघायला. गंधाचे थर झाडाच्या सालीसारखे निघत होते. वर पिवळा, मग कुंकवाचा लाल, त्याखाली धुराचा काळा, पुन्हा पिवळा. एका खालच्या थरात बोटांचे ठसे उमटलेले होते, बारीक, म्हातारीच्या बोटांचे. वहिनींनी सुरी थांबवली. तेवढा तुकडा अखंड सुटा केला आणि पदरात घेऊन देवघरात ठेवून आल्या. मग पुन्हा खरवडायला बसल्या.

खाली लोखंड निघालं, काळंभोर. अण्णा दाभणानं कुठंतरी टोकरत होते. एकदम ओरडले, "अगो, इकडं ये! हे बघ."

जिथं जिथं दांडा फिरतो तिथं वर एकेक बारीक भोक होतं, आणि प्रत्येक भोक गंधानं गच्च भरून दगडासारखं झालं होतं.

"तेल प्यायची तोंडं आहेत ही," अण्णा म्हणाले. "बाबा पूजेच्या दिवशी ह्यांत चिंधी खोचून ठेवायचे, मी पोरवयात पाहिलंय. का ते विचारलं नाही कधी. ते गेले आणि आपण ह्याच्या तोंडात गंध कोंबत बसलो. वर म्हणालो, बाबांमागं ह्यानं अन्न सोडलं!"

वहिनी आधी तोंडावर हात ठेवून बसल्या, मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. अण्णाही हसले. माझ्यामार्फतचं बोलणं त्या दिवशी संपलं.

पुढचं काम सावकाशीचं होतं. भोकांत मण्णेण्णै, म्हणजे दिव्याचं रॉकेल, थेंबथेंब सोडायचं, मुरू द्यायचं, तारेनं टोकरायचं. चाक एका बोटानं हललं, मग वीतभर, मग अर्धं. अण्णांनी एकेक भाग उतरवून गोणपाटावर मांडला. कुठला कुठून निघाला त्याची खूण खडूनं केली. गंज खायला वहिनींनी चिंचेचं पाणी केलं, त्या पितळेची भांडी घासतात तेच. भाग त्यात भिजवून राखेनं घासले, धुतले आणि लगोलग उन्हात टाकले. "पाण्याचा थेंब राहिला की उद्या पुन्हा गंज," म्हणून अण्णा प्रत्येक भाग गालाला लावून कोरडा झाला का ते बघायचे. उन्हानं तापलेलं लोखंड गालाला! वहिनी ओरडायच्या. दातेरी चाकांचा एकही दात मोडलेला निघाला नाही. चाकाची लाकडी मूठ तेवढी वाळवीनं खाल्ली होती, ती फणसाच्या लाकडाची नवी बसवली.

सगळं जोडून झालं आणि प्रत्येक तोंडात नल्लेण्णै घातलं. नल्लेण्णै म्हणजे तिळाचं तेल. इथं डोक्याला तेच, डोशाला तेच आणि देवाच्या दिव्यालाही तेच. उत्तम म्हणून जे तेल घरात असतं ते यंत्राला दिलं. अण्णांनी डाव्या हातानं चाक फिरवलं आणि जाडजूड पट्टीतून लोखंडाची कुरळी साल वर येऊ लागली. गल्ली गोळा झाली. वहिनींनी गूळ वाटला.

आनंद आठवडाभर टिकला. चाक रोज थोडं जड लागे. अण्णा आणखी तेल घालत, ते आणखी जड होई. भर उन्हाळा, चाकांना घर्षणाची ऊब, आणि त्यात ते तेल. शेवटी एका सकाळी चाक पुन्हा थांबलं. पट्ट्यांतल्या निम्म्याही झाल्या नव्हत्या.

वहिनी "मी सांगितलं होतं" असं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पूजा खरवडली म्हणून कोप झाला, असं गल्लीच म्हणू लागली. यंत्राकडं न बघता वहिनींनी पणती उचलून आत नेली. अण्णांनी मदुरैला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ कृष्णाजींना निरोप धाडला: येऊन आम्हांला घेऊन जा. वहिनी ट्रंकेत लुगडी भरू लागल्या. मी रामरायापुढं बसले, पण काय मागावं ते सुचेना. नुसतं नाव घेत राहिले.

शुक्रवार आला. दर शुक्रवारी वहिनी देवाची समई विहिरीवर आणून घासतात. मी कपडे धूत होते. समईच्या वाटीत तिळाचं तेल दिव्याच्या उबेनं आटून पिवळा, चिवट डिंकासारखा थर होतो; तो नखानं निघत नाही, राख लावून घासावा लागतो. वहिनी घासत होत्या आणि घासता घासता त्यांचा हात थांबला. बोट वाटीत फिरवलं. ओढून बघितलं. मग ती अर्धी घासलेली समई तशीच हातात धरून ओल्या पायांनी पट्टरैत धावल्या. मी मागोमाग.

त्यांनी एक बोट समईत घातलं, दुसरं यंत्राच्या दातेरी चाकावर फिरवलं आणि दोन्ही बोटं अण्णांच्या नाकासमोर धरली.

"अहो, कोपबीप काही नाही. हा चिकटा आणि तो चिकटा एकच आहे! दर शुक्रवारी मी घासते तोच!"

अण्णांनी दोन्ही बोटं चोळून बघितली. उठले. पगडी शोधू लागले.

"कुठं निघालात?"

"चिदंबरमकडं. त्याचं इंजिन दिवसभर धडधडतं. ते काय पितं ते विचारतो."

चिदंबरम पिळ्ळै म्हणजे स्टेशनाकडच्या भाताच्या गिरणीतलं इंजिन चालवणारे. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच यंत्र बघायला आले, हातात दोन डबे घेऊन. पहिला उघडला. आत पिवळं, लोण्यासारखं वंगण.

"दातेरी चाकांना हे फासा राव. वर्षभर बघायला नको."

"ह्यात काय असतं?" वहिनींनी दारातून विचारलं.

चिदंबरमनी कपाळावरच्या भस्माला बोट लावलं. "अम्मा, मी पिढ्यान्‌पिढ्यांचा शैव. अंड्याला शिवत नाही. हे वंगण हात लावून फासतो, हात धुतो आणि विचारत नाही."

"म्हणजे चरबी! कुठल्या जनावराची देव जाणे. ज्याला मी नमस्कार करते त्याच्या अंगात हे घालायचं नाही."

"अगो, नमस्कार जरा राहू दे, चाक फिरू दे!" अण्णा कळवळून म्हणाले.

"नमस्कार राहू दे, तर मग चला मदुरैला. ट्रंक भरलेली आहे."

आता भांडण होणार असं मला वाटलं. चिदंबरमनी पहिला डबा मुकाट्यानं बंद केला आणि दुसरा उघडला. त्यात काळपट, दाट तेल. "मग हे घ्या अम्मा. हे जमिनीतून निघतं. तुमच्या मण्णेण्णैचा थोरला भाऊ समजा. ह्यात कोंबडी नाही, बकरी नाही, गाय नाही. ऊब लागली तरी चिकटत नाही. फक्त रोज द्यावं लागतं, थोडंथोडं, आणि कालचं पुसून."

"रोज द्यायला मी कधी कंटाळले नाही," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा सगळं उतरवलं, पुन्हा रॉकेलनं धुतलं, पुसलं, वाळवलं. काळं तेल घातलं. तोंडांत धूळ जाऊ नये आणि तेल एकदम ओतलं जाऊ नये म्हणून वहिनींनी कापसाच्या वाती वळल्या, प्रत्येक भोकात एकेक उभी खोचली. वातीतून तेल झिरपत राहतं आणि आत घाण जात नाही. अण्णा ते बघून म्हणाले, "बाबांच्या चिंधीपेक्षा हे चांगलं." वहिनी लाजल्या. ह्या वयात लाजल्या, मी पाहिलं.

आता अडचण निराळी. डाव्या हातानं चाक फिरवायचं तर पट्टी धरायला आणि गिरमिट वर-खाली करायला उजवा हात हवा, आणि तो कामातून लवकर थकायचा. दिवस थोडे राहिले होते. एका सकाळी मी फुलं तोडताना बघते तर पट्टरैत पदर खोचून वहिनी चाक फिरवत होत्या आणि अण्णा डाव्या हातानं पट्टी सरकवत होते.

समोरच्या घरच्या चंद्रमतीबाई तिण्णैवरूनच म्हणाल्या, "काय हो राजलक्ष्मी, लोहारीण झालात की!"

"आजवर पीठ दळलं ते जातंही गोलच फिरत होतं," वहिनी चाक न थांबवता म्हणाल्या. "त्यातून नुसतं पीठ निघायचं. ह्यातून माझं घर निघतंय."

चंद्रमतीबाई आत गेल्या, आणि थोड्या वेळानं ताक घेऊन आल्या.

कृष्णाजी आले ते भर दुपारी, घड्या न मोडलेला सदरा घालून. येताना स्टेशनावरच दोन बैलगाड्या ठरवून आणल्या होत्या, सामानासाठी. सासू चाक फिरवते आहे हे बघून ते उंबऱ्यावरच उभे राहिले.

"मामी, हे काय?"

"पाय धुवा, पाणी प्या," अण्णा म्हणाले, "आणि मग इकडं या. ती दमली आहे."

जावयाला काम सांगावं का, असं माझ्या मनात आलं. पण कृष्णाजींनी सदरा काढून खुंटीला लावला. खुंटी तेलकट होती, सदऱ्याला काळा डाग पडला. वहिनींनी हळहळून जीभ चावली. कृष्णाजी म्हणाले, "असू दे मामी, मंगला ओरडेल, तुम्ही नका." आणि चाक धरलं. आधी धसमुसळेपणानं फिरवलं. "सावकाश! पळवायचं नाही, फिरवायचं," अण्णांनी दटावलं. मग त्यांना लय सापडली. संध्याकाळी शेवटची पट्टी झाली तेव्हा ते विचारत होते, "मामा, ह्याहून जाड पट्टीला हे चालेल?"

गाड्या आलेल्याच होत्या. त्यांतल्या एकीत दुसऱ्या दिवशी पट्ट्या आणि बिजागऱ्या चढल्या आणि तिरुवैयारूला गेल्या. आडी लागायला अवकाश होता. मी गेले होते बरोबर, नदीत स्नान घडेल म्हणून. वहिनीही परात घेऊन आल्या होत्या, तिच्यातलं खरवडलेलं गंध त्यांनी कावेरीत सोडलं. सुतारांनी दार उभं केलं, पट्ट्या ठोकल्या. वैद्यनाथ अय्यरांनी येऊन त्या थोरल्या दाराला एका बोटानं ढकललं. ते आवाज न करता पार भिंतीपर्यंत गेलं. त्यांनी पुन्हा ओढून घेतलं, पुन्हा ढकललं. लहान मुलासारखे तीनचारदा खेळले.

"मागचं दारही आहे, राव," ते म्हणाले. "आणि कोठाराचं. केव्हा द्याल?"

"कुंभकोणच्या दुकानात विचारा ना!"

"तोंड मात्र दुरुस्त करून घ्या त्या यंत्राखाली," अय्यर म्हणाले, आणि माप घ्यायला स्वतःच दोरी आणायला गेले.

परतल्यावर वहिनींनी ट्रंक उघडली आणि लुगडी एकेक करून पुन्हा दांडीवर टाकली. त्याबद्दल कुणीच कुणाला काही विचारलं नाही. कृष्णाजींना दुकानात हजर व्हायचं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशीची गाडी धरली. आम्ही सगळे स्टेशनावर पोचवायला गेलो. वहिनींनी दहीभाताचा डबा दिला. गाडी हलायच्या आधी कृष्णाजींनी खिडकीतून विचारलं, "मंगलाला काय सांगू? तिनं माजघर रिकामं करून ठेवलंय तुमच्यासाठी."

अण्णांनी डावा हात खिडकीच्या गजावर ठेवला. "सांगा, दिवाळीला तीच इकडं ये म्हणावं. आणि येताना तुमच्या शेठच्या दुकानाच्या दाराचं माप घेऊन या. मदुरैला चोर जास्त, असं ऐकलंय मी."